गेट चालतंय, पण सेन्सर चालतोय का? मोटरच्या दाराची घरच्या घरी तपासणी

गंगापूर रोड, महात्मानगर, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, मखमलाबाद. नाशिकच्या ज्या भागांत बंगले आणि रो-हाऊस आहेत, तिथे रिमोटची गेटं आता नवलाईची राहिलेली नाहीत. कुठे सरकतं लोखंडी गेट, कुठे पार्किंगला मोटरचं रोलिंग शटर, तर काही नव्या बंगल्यांत छताखाली वर सरकणारं गॅरेजचं दार. बसवून झालं की फिटर रिमोट कसा वापरायचा ते दोनदा दाखवतो. खांबांवर समोरासमोर लावलेल्या दोन छोट्या काळ्या डब्यांबद्दल मात्र एकच वाक्य बोलतो, "मध्ये काही आलं तर थांबेल." त्यानंतर त्या डब्यांकडे कोणी फिरकत नाही.

"सेन्सर चालू आहे ना?" असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर मिळतं, "हो, गेट चालतंय की." पण गेट चालतंय यावरून मोटर ठीक आहे एवढंच कळतं. सेन्सर बंद पडलेला असेल आणि कोणीतरी तारेचा तुकडा लावून तो बाजूला काढला असेल, तरी गेट तितक्याच सफाईने उघडतं आणि मिटतं. फरक कळतो तो मध्ये कोणी उभं असताना. म्हणून सेन्सरची परीक्षा मुद्दाम घ्यावी लागते. त्याला महिन्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि लागणारं सामान बहुतेक घरातच असतं.

आधी ओळख करून घ्या

खांबावरच्या दोन डब्यांपैकी एक ट्रान्समीटर आणि दुसरा रिसीव्हर. ट्रान्समीटरमधून इन्फ्रारेड किरण निघतो, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच, डोळ्यांना न दिसणारा. रिसीव्हर तो पकडून ठेवतो. गेट मिटत असताना मध्ये काही आलं की किरण तुटतो, रिसीव्हरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, सुटतो आणि मोटरच्या बोर्डला निरोप जातो. बोर्ड मोटर थांबवतं आणि गेट उलटं फिरवतं.

ट्रान्समीटरला फक्त वीजपुरवठ्याच्या दोन वायरी येतात. रिसीव्हरला त्या दोन आणि शिवाय बोर्डकडे निरोप नेणाऱ्या दोन. कुठला डबा कुठला ते यावरून ओळखता येतं. बहुतेक रिसीव्हरवर एक बारीक दिवा असतो आणि समोर हात धरला की तो बदलतो. लागलेला विझतो किंवा विझलेला लागतो. तुमच्याकडे नेमकं काय होतं ते सगळं ठीक असतानाच बघून ठेवा आणि माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे बिघाड शोधताना ही एक ओळ फार उपयोगी पडते.

गॅरेजच्या वर सरकणाऱ्या दारांना हे डोळे जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे सहा इंचांच्या खाली लावतात. हा नियम अमेरिकेतून आला. तिथे मोटरच्या दाराखाली लहान मुलं अडकून दगावल्याच्या घटना घडल्यावर १९९० मध्ये कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती दाराच्या प्रत्येक मोटरला, तळाशी किरण किंवा तशीच दुसरी अडथळा ओळखणारी सोय सक्तीची झाली. उंची इतकी कमी ठेवण्याचं कारण सरळ आहे. रांगणारं किंवा जमिनीवर पडलेलं मूल किरणात यायला हवं. सरकत्या गेटांना डोळे साधारण गुडघ्याच्या आसपास, ४० ते ६० सेंटिमीटरवर असतात, कारण तिथे गाडी आणि चालणारा माणूस दोन्ही पकडायचे असतात.

या उंचीचा एक तोटा सगळ्यांनी समजून घ्यायला हवा. किरण ही एक रेघ आहे, भिंत नाही. आजकालच्या उंच गाड्यांची जमिनीपासूनची उंची १८ ते २१ सेंटिमीटर असते. गॅरेजच्या दारात गाडी अर्धवट उभी राहिली आणि किरण नेमका पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधून गेला, तर सेन्सरला रस्ता मोकळाच दिसतो आणि दार बॉनेटवर किंवा छतावर उतरतं. सरकत्या गेटाच्या किरणाखाली मांजर झोपलेलं असेल तर तेही दिसत नाही. सेन्सर चोख असला तरी गेट पूर्ण मिटेपर्यंत नजर त्यावरच हवी. बटण दाबून पाठ फिरवायची नाही.

चाचणीची तयारी

गाडी बाहेर काढून लांब लावा. मुलं, आजी-आजोबा आणि कुत्रा घरात. दोन मोठी माणसं हवीत. एकाच्या हातात रिमोट, दुसरा मोटरच्या मेन स्विचपाशी. गेटचा मेन स्विच कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर आजची तपासणी तिथूनच सुरू करा. स्विच सापडला की त्यावर पट्टी चिकटवून "गेट" असं ठळक लिहा.

सामान म्हणून पुठ्ठ्याचं एक मोठं रिकामं खोकं, लांब दांड्याचा झाडू, काळी चिकटपट्टी, मऊ सुती कापड आणि साधारण ४ सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी. आणि एक नियम पक्का: परीक्षा घेताना हात, पाय किंवा स्वतः मध्ये घालायचं नाही. "मी उभा राहतो, तू बटण दाब" हा प्रकार कितीतरी घरांत चालतो. ज्या यंत्रणेवर शंका आहे म्हणून आपण तपासणी करतोय, तिच्याच भरवशावर माणूस उभा करणं हा जिवाशी खेळ आहे.

पहिली परीक्षा: अडथळा आधीच ठेवून

गेट पूर्ण उघडा. खोकं अशा जागी ठेवा की किरण अडेल. सरकत्या गेटाचा किरण उंचावर असतो, तेव्हा खोकं उभं ठेवा किंवा खाली पाट ठेवा. रिसीव्हरवरचा दिवा बदलला का ते बघा. मग मिटण्याचं बटण एकदा दाबून सोडा.

गेट जागचं हललं नाही तर सेन्सर पास. काही गॅरेजची दारं बोटभर खाली येऊन परत वर जातात आणि मोटरवरचा दिवा मिचमिचतो, तेही ठीक. गेट निघालं तर ते खोक्याला लागायच्या आत थांबवा आणि बाकीच्या परीक्षा बाजूला ठेवून खालचा बिघाडाचा भाग वाचा.

गॅरेजच्या दाराची एक गोष्ट इथेच सांगतो. बऱ्याच मोटरींवर भिंतीवरचं बटण सतत दाबून धरलं तर सेन्सर अडलेला असतानाही दार खाली येतं. ती सोय अडीनडीसाठी, समोर उभं राहून दार लावण्यासाठी दिलेली आहे. रोज तसंच दार लावायची सवय घरात लागली असेल, तर सेन्सर बिघडलेला आहे हे धरून चाला.

दुसरी परीक्षा: मिटत असताना

आता खोकं काढा, गेट मिटायला लावा, आणि अर्ध्या वाटेत असताना झाडूचा दांडा बाजूने किरणात घाला. तुम्ही गेटच्या वाटेबाहेर, खांबाच्या आडोशाला उभे असायला हवेत. गेट लगेच थांबून उलटं फिरलं पाहिजे. नुसतं थांबून तिथेच राहत असेल, तर बोर्डमध्ये तशी सेटिंग केलेली असू शकते. फिटरला सांगून उलटं फिरण्याची करून घ्या. थांबलेल्या गेटमध्ये अडकलेला माणूस अडकलेलाच राहतो.

ही परीक्षा तीन जागी घ्या: मधोमध, ट्रान्समीटरजवळ आणि रिसीव्हरजवळ. गेटच्या बाजूने गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल लावलेली असते तिथे किरण भिंतीवरून परावर्तित होऊन अडथळ्याला वळसा घालू शकतो. एका जागी पास आणि दुसऱ्या जागी नापास असा निकाल आला तर हेच कारण आधी तपासा.

तिसरी परीक्षा: टेकल्यावर मागे फिरतं का

किरण चुकवूनही काही मध्ये आलं तर शेवटचा आधार मोटरच्या ताकदीच्या मर्यादेचा. दार कशाला तरी टेकलं, मोटरवर ताण वाढला, की तिने माघार घ्यायला हवी.

वर सरकणाऱ्या गॅरेजच्या दारासाठी ठरलेली पद्धत आहे. ती ४ सेंटिमीटरची फळी दाराखाली मधोमध, जमिनीवर आडवी ठेवायची. दार खाली येऊन फळीला टेकलं की २ सेकंदांच्या आत वर गेलं पाहिजे. टेकून दाबत राहिलं किंवा नुसतं थांबलं तर नापास. तुमच्या मोटरची ताकद आणि खालची हद्द, दोन्ही नीट बसवून घ्यावी लागतील.

सरकत्या गेटासाठी लाकूड वापरू नका. गेटचं वजन सहज दोन-तीनशे किलो असतं आणि धक्क्याने रॅक (गेटला लावलेली दातेरी पट्टी) किंवा मोटरचा दाता तुटू शकतो. जुन्या गादीची घट्ट गुंडाळी समोरच्या खांबाला टेकवून ठेवा, किरणाच्या खाली किंवा वर. गेट गुंडाळीवर थोडं दबून मागे फिरलं पाहिजे. गादी पार चेपली जात असेल तर ताकद जास्त ठेवलेली आहे.

रोलिंग शटरचं सांगताना मला काळजी वाटते. आपल्याकडची बरीचशी मोटरची शटरं फक्त वरची आणि खालची हद्द ओळखतात. मध्ये काय आहे ते त्यांना कळतच नाही. तुमच्या शटरला ना बाजूचे डोळे असतील, ना खालच्या पट्टीला रबरी सेफ्टी एज (काही टेकलं की मोटरला थांबवणारी कड), तर ते रिमोटने घरातून चालवू नका. शटरसमोर उभं राहून, पूर्ण खाली येईपर्यंत बघत चालवा. आणि जमेल तेवढ्या लवकर डोळ्यांची जोडी बसवून घ्या.

बॅटरी बॅकअप असेल तर मेन बंद करून पहिली परीक्षा पुन्हा एकदा करा. वीज गेल्यावरच्या अंधारात सेन्सरची गरज जास्तच असते.

नापास झालं तर: डबा की वायर की बोर्ड?

इथे घाई करू नका. नीट बघितलं तर फिटर येण्याआधीच बिघाड कुठे आहे ते निम्मं कळतं.

किरणात खोकं धरल्यावर रिसीव्हरचा दिवा बदलत नाही: दोष डोळ्यांमध्ये आहे. काच मळलेली, दिशा हललेली, पुरवठा गेलेला किंवा डबा खराब. ट्रान्समीटर किरण सोडतोय का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं. अंधार पडल्यावर सेल्फीचा कॅमेरा चालू करून ट्रान्समीटरच्या समोर धरा. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका दिसला तर तो जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड गाळणारा फिल्टर जास्त कडक असतो, म्हणून पुढचा घ्यायचा. आधी टीव्हीच्या रिमोटवर करून बघा. रिमोटचा ठिपका दिसतो आणि ट्रान्समीटरचा दिसत नाही, तरच संशय घ्या.

दिवा बदलतो, कान लावला तर रिलेची बारीक "टिक" पण ऐकू येते, आणि तरीही गेट चालतं: डोळे शाबूत आहेत, पण त्यांचा निरोप बोर्डपर्यंत पोचत नाही. याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे जंपर. बहुतेक बोर्डांवर सेन्सरची सर्किट नेहमी जुळलेली असावी लागते. ती तुटली की बोर्ड गेट मिटवत नाही. ज्या गेटला सेन्सरच बसवलेला नाही तिथे कंपनीकडूनच दोन टर्मिनलांमध्ये वायरचा छोटा तुकडा टाकलेला असतो, म्हणजे बोर्डला रस्ता कायम मोकळा वाटतो. मग सेन्सर बसवतात आणि तो तुकडा काढायचा राहून जातो. किंवा भर पावसात सेन्सर बिघडतो, गेट मिटत नाही म्हणून मालक वैतागतो आणि कोणीतरी येऊन "तात्पुरतं करून देतो" म्हणत तुकडा लावून जातो. ते तात्पुरतं मग वर्षानुवर्षं टिकतं. डब्यांचे दिवे लागलेले, गेट झकास चालतंय, सगळे निश्चिंत, आणि संरक्षण शून्य. हे पुन्हा पुन्हा बघायला मिळतं, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

मोटरचं झाकण उघडून जंपर स्वतः शोधायला जाऊ नका. आत २३० व्होल्ट असतात. फिटरला फोन करून नेमकं विचारा (या डोळ्यांना फिटर फोटोसेल म्हणतात): "रिसीव्हरचा दिवा बदलतो, पण गेट थांबत नाही. फोटोसेलच्या टर्मिनलला जंपर आहे का ते बघा." असं विचारलं की समोरचा माणूस सावध होऊन येतो.

गेट उघडतं पण मिटायलाच तयार नाही, ही उलटी तक्रार तर सगळ्यात नेहमीची. तिच्यात सेन्सर आपलं काम करतोय असं समजा आणि आधी साफसफाई व दिशा बघा.

काच, मुंग्या आणि कुंभारीण

मेन स्विच बंद करून सुरुवात करा. काच मऊ सुती कापडाने कोरडी पुसा. चिखलाचे शिंतोडे वाळले असतील तर कापड किंचित ओलं करा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव यातलं काही वापरू नका. डब्यांची "काच" प्लास्टिकची असते, ती पांढुरकी पडली की किरण अंधूक होतो आणि मग डबा बदलण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. गाडी धुताना प्रेशर पंपाचा फवारा डब्यांवर मारणंही टाळा.

डब्याचं झाकण वर्षातून दोनदा तरी उघडायला हवं, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. स्क्रू काढून झाकण अलगद पुढे ओढा आणि आत टॉर्च मारा. आत काय काय संसार मांडलेला असतो हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. वायरच्या भोकातून शिरलेल्या मुंग्यांनी बारीक मातीचा ढिगारा टर्मिनलांवर रचलेला असतो. कोळ्याचं जाळं भिंगाच्या अगदी आतल्या बाजूला ताणलेलं असतं, बाहेरून कितीही पुसलं तरी ते हलत नाही. कुंभारीण माशी तर बाहेरच्या कडेवर, भिंगाच्या खाचेतच, मातीचं सुबक घरटं बांधते. ते ओलं असताना तपकिरी आणि वाळल्यावर खांबाच्याच रंगाचं दिसतं, म्हणून चटकन लक्षात येत नाही. जुन्या मऊ ब्रशने हे सगळं काढा. टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर पाणी शिरतंय. वायर कापून नवीन टोक काढावं लागेल.

मोटरच्या पेटीत पाल शिरून बोर्डवर भाजते आणि बोर्ड जळतं, हा आपल्याकडचा महागडा बिघाड. पेटीची आणि डब्यांची वायर आत जाण्याची भोकं बंद ठेवा.

झाकण लावताना रबराची कड बघा, कडक होऊन तडकली असेल तर बदला. डब्यात वायर खालच्या बाजूने जायला हवी, आणि आत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन चालेल. खालची कड मात्र मोकळी सोडा, नाहीतर आत साचलेल्या दमटपणाला बाहेर पडायला वाट उरत नाही.

दिशा जुळवणं

सायकल टेकली, चेंडू लागला, खांब रंगवताना पट्टी सैल झाली की डोळे एकमेकांना चुकतात. रिसीव्हरचा दिवा मिचमिचत असेल तर दिशा काठावर आहे असं समजा.

एका डब्याच्या भिंगासमोरून दुसऱ्या डब्याच्या भिंगासमोर पतंगाचा दोरा ताणून धरा. दोन्ही डबे एका उंचीवर आहेत का ते लगेच दिसतं. पाणसळ असेल तर दोऱ्याला लावून बघा. उंची ठीक असेल तर पट्टीचा स्क्रू किंचित सैल करून रिसीव्हर हळूहळू डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली फिरवा. दिवा स्थिर झाला की तिथेच थांबू नका. दोन्ही टोकांना तो कुठे डळमळतो ते शोधा आणि बरोबर मधे आणून स्क्रू आवळा. आवळताना डबा हमखास हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघा. शेवटी पट्टीवर बोटाने टिचकी मारा. दिवा मिचमिचला तर पट्टीच बदला.

ऊन, पाऊस, धुकं

"संध्याकाळी गेट मिटत नाही, रात्री आपोआप नीट होतं." अशा तक्रारीत दोष बहुतेक उन्हाचा. उतरतं ऊन सरळ रिसीव्हरच्या भिंगात शिरलं की त्याला ट्रान्समीटरचा किरण वेगळा ओळखता येत नाही. आणि हे वर्षभर होत नाही, काही आठवडेच होतं, कारण नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबर ते जून या काळात सूर्य मावळण्याची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंशांनी उत्तरेकडे सरकते. तेवढ्या प्रवासात कधीतरी ती तुमच्या रिसीव्हरच्या बरोबर समोर येते. फिटर येतो त्या दिवशी दुपार असते आणि सगळं ठीक चालतं. त्याला संध्याकाळी बोलवा किंवा व्हिडिओ काढून ठेवा. उपाय म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची अदलाबदल, म्हणजे रिसीव्हरची पाठ उन्हाकडे होते. तेवढं जमत नसेल तर भिंगाभोवती काळ्या पाइपचा छोटा तुकडा छज्जासारखा बसवा. चिकटपट्टी लावून भिंग अर्धं झाकणं हा उपाय नाही.

पावसाळ्यात खरा त्रास गेटच्या रुळाचा. चिखल, खडी, पाचोळा रुळात बसतो, गेट जड चालतं, मोटर मध्येच थांबते. मग कोणीतरी बोर्डवरची ताकद वाढवून देतो आणि गेट पुन्हा पळायला लागतं. पण त्याच क्षणी तिसरी परीक्षा नापास झालेली असते, कारण आता ते गेट माणसाला टेकलं तरी मोटरला तो नुसता चिखल वाटणार. ताकदीला हात लावायच्या आधी रूळ खरवडून धुवा, चाकांचे बेअरिंग फिरतात का बघा, मोटर सोडवून गेट हाताने ढकलून बघा. एका हाताने सहज सरकलं पाहिजे. जूनमध्ये ताकद वाढवावी लागलीच, तर ती खाली आणायची आठवण कॅलेंडरच्या ऑक्टोबरच्या पानावर लिहून ठेवा.

हिवाळ्यात, विशेषतः निफाडच्या बाजूला, आडगाव आणि नदीकाठच्या भागात पहाटे दव आणि धुकं असतं. भिंगाच्या आतून वाफ धरली असेल तर ऊन पडेपर्यंत गेट मिटत नाही. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर डब्याची रबरी कड गेलेली आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग हवं. गेटची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पक्कं करून घ्या. लोखंडी गेट, ओली जमीन आणि अनवाणी मुलं, यात हयगय नको.

ज्याला हात लावायचा नाही

वर सरकणाऱ्या गॅरेजच्या दाराच्या वर जाड स्प्रिंग असते. दाराचं सगळं वजन तिने तोलून धरलेलं असतं. तिचा एकही स्क्रू घरी सैल करू नका. पाना उडून हात मोडण्यापुरती ताकद त्यात कायम भरलेली असते. फटी दिसल्या, दार एकदम जड झालं किंवा मोठा आवाज झाला, तर दार आहे तसं सोडून माणूस बोलवा.

त्या दाराची मोटर सोडवायची लाल दोरी ओढायची ती दार पूर्ण खाली असताना. स्प्रिंग तुटलेली असताना अर्ध्यावर दोरी ओढली तर दार धाडकन खाली येतं. सरकत्या गेटाची मोटर सोडवायला चावी असते. ती चावी कुठे आहे आणि कशी फिरवायची, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, माहीत हवं. मेन बंद करून प्रत्येकाकडून एकदा गेट हाताने उघडून घ्या. गेट उतारावर असेल तर मोटर सुटताच ते आपोआप धावतं, म्हणून आधी एकाने ते धरून ठेवायचं.

भिंतीवरचं बटण जमिनीपासून किमान दीड मीटरवर आणि गेट दिसेल अशा जागी हवं. रिमोट किल्ल्यांच्या जुडग्यात असतो, आणि जुडगा खेळायला म्हणून मुलांच्या हातात जातो. तो वेगळा ठेवा. गजांच्या सरकत्या गेटावर मुलं चढतात, गजांतून हात घालतात. गेट उघडताना मागच्या खांबापाशी तो हात कातरीत सापडल्यासारखा सापडतो, आणि बऱ्याच घरांत डोळे फक्त मिटण्याच्या बाजूला लावलेले असतात. मागच्या बाजूला गजांवर बारीक जाळी मारून घ्या. हा स्वस्तातला आणि सगळ्यात खात्रीचा बंदोबस्त.

कधी आणि कोणी करायचं

पहिली आणि दुसरी परीक्षा महिन्यातून एकदा. संकष्टी प्रत्येक कॅलेंडरवर छापलेली असते, तो दिवस धरला तर आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. टेकण्याची परीक्षाही गॅरेजच्या दाराला महिन्यालाच घ्या. सरकत्या गेटाला दोन-तीन महिन्यांनी चालेल, पण ताकदीच्या सेटिंगला कोणी हात लावला असेल तर त्याच दिवशी. तारखेपुढे "पास" किंवा "नापास" एवढं लिहिलं तरी पुरे.

याशिवाय रंगकाम झालं, गवंडी काम झालं, खांबाला गाडी घासली, बोर्ड किंवा रिमोट बदलला, घर भाड्याने दिलं किंवा घेतलं, की तारीख न बघता परीक्षा घ्यायची. भाडेकरूंनी तर पहिल्याच दिवशी मालकांसमोर घ्यावी.

फिटर येऊन दुरुस्ती करून गेला की पैसे देण्याआधी खोकं मध्ये ठेवा आणि त्यालाच बटण दाबायला सांगा. बिलावर "सेन्सर जोडलेला, जंपर काढलेला, चाचणी घेतली" एवढं लिहून सही घ्या. सेन्सर मिळायला वेळ लागणार असेल आणि तो "तोवर डायरेक्ट करून देतो" म्हणाला, तर नको म्हणा. मोटर सोडवून घ्या, मेन बंद करा, आणि नवीन जोडी येईपर्यंत गेट हाताने सरकवा.